पांढरे सोने आणि वधूवरांच्या अंगठ्या

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात घोडेगाव येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने यंदा आमच्याकडे जो विषय सोपविला, तो ऐकून प्रथम आम्हीच चकित झालो. या मेळाव्यात आजवर लग्नखर्च, हुंडा, मुलींचे शिक्षण अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. अंगठीच्या धातूवर, तेही आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शाळामास्तराने बोलावे, ही कल्पना चिटणीसांना कशी सुचली हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आमच्या घरच्या एका अंगठीची हकीकत घोडेगावापासून मंचर-जुन्नरपर्यंत पुष्कळ कानांवर गेली आहे, आणि वाटेत तिला तिखटमीठही पुरेसे लागले आहे. तेव्हा ती एकदा आमच्याच तोंडून, जशी घडली तशी, आपण ऐकावी हे बरे.

‘पांढरे सोने’ हे शब्द आम्ही लहानपणी प्रथम ऐकले ते भूगोलाच्या तासाला. वऱ्हाडातील काळ्या मातीत पिकणाऱ्या कापसाला आपले लोक कौतुकाने पांढरे सोने म्हणतात. दुसरेही काही पांढरे सोने असते, ते सराफाच्या पेटीत असते आणि त्यावरून दोन घरांत अबोला धरला जाऊ शकतो, हे कळण्यास आम्हांला साठी उलटावी लागली.

सन २०२३ च्या वैशाखात आमच्या धाकट्या कन्येचा साखरपुडा झाला. आमच्या लग्नाच्या वेळी साखरपुडा म्हणजे खरोखरीच साखरेचा पुडा, नारळ, मुलीला साडी आणि चार वडीलधाऱ्यांसमक्ष बोलणे. आता अंगठ्यांची अदलाबदल हाच त्या समारंभाचा मुख्य भाग झाला आहे. त्यात वाईट काही नाही, नवी पिढी तेवढ्याने आनंदित होत असेल तर होवो. वरपक्षाकडून निरोप आला की मुलाला पिवळी अंगठी नको, पांढऱ्या सोन्याची हवी. आम्ही पुण्यास जाऊन एका पेढीतून पाच ग्रॅमची अंगठी घेतली. विक्रेत्या तरुणाने ती निळ्या मखमलीच्या डबीत ठेवून दिली. कशी चकाकत होती म्हणून सांगावे! आमच्या आईने मात्र ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, “जावयाला चांदीची अंगठी घालतोस का रे?” आम्ही हसलो. पण आपल्याकडे पांढरा धातू म्हणजे चांदी, आणि तिची जागा जोडव्या-पैंजणांत, ही समजूत किती खोलवर गेलेली आहे ते तेव्हाच ध्यानात यावयास हवे होते.

लग्न झाले. २०२४ च्या दिवाळीत जावई घरी आले. ते चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत, हात दिवसभर यंत्रांच्या कामात असतात. अंगठीची खालची, तळहाताकडची बाजू फिकट पिवळसर दिसू लागली होती. जावई काही बोलले नाहीत. बोलल्या त्या विहीणबाई, आणि तेही आमच्याजवळ नव्हे, तर भाऊबीजेला जमलेल्या बायकांत. “मास्तरांच्या अंगठीचा मुलामा गेला बरं का,” एवढेच वाक्य. पण सभ्य गृहस्थहो, त्या एका वाक्याने आमच्या कन्येने आठ दिवस अन्न गोड मानले नाही. ज्याने पस्तीस वर्षे मुलांना खरे बोलावे म्हणून सांगितले त्याने पोटच्या मुलीच्या साखरपुड्यात खोटा डाग दिला, असा तो आरोप होता. आम्हीही रागाच्या भरात व्याह्यांना फोन करून जे बोललो ते येथे सांगण्याजोगे नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंगठी व पावती घेऊन पुण्यास गेलो. पेढीवरचा तरुण शांतपणे म्हणाला, “सर, पॉलिश करून देतो, नवी होईल.” चोराने चोरी कबूल करावी तसे ते उत्तर आम्हांला वाटले. न बोलता परत फिरलो, आणि घोडेगावच्या पेठेत आमचा एक जुना विद्यार्थी सोनारकाम करतो त्याच्या दुकानाची पायरी चढलो. त्याने भिंग डोळ्याला लावले, अंगठीच्या आतील बाजू निरखली, मोबाईलमध्ये काही आकडे घातले आणि म्हणाला, “गुरुजी, सोनं खरं आहे. ही अंगठी पिवळी झालेली नाही, ती मुळातच अशी होती. वरचं पांघरूण तेवढं झिजलं.”

पुढे तासभर त्याने आम्हांला जे समजावून दिले, आणि नंतर आम्ही स्वतः वाचून जे पडताळून पाहिले, तेच आज आपल्यापुढे मांडतो. लाजिरवाणी गोष्ट ही की, मिश्रधातूंचा धडा आम्ही वर्षानुवर्षे सातवीला शिकविला. तांबे आणि जस्त मिळून पितळ, तांबे आणि कथील मिळून कासे, हे मुलांकडून पाठ करून घेतले. परंतु तोच धडा आपल्या खिशातल्या डबीत बसला आहे हे ओळखता आले नाही.

शुद्ध सोने पिवळे असते. पांढऱ्या रंगाचे सोने खाणीतून निघत नाही. सोन्यात निकेल, पॅलेडियम, चांदी, जस्त यांपैकी काही धातू मिसळले म्हणजे त्याचा पिवळेपणा दबतो आणि फिकट राखी किंवा किंचित पिवळट पांढरा रंग येतो. हेच पांढरे सोने. ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाच्या धातूत चांदीचा कणही नसतो, तो तांबे, निकेल व जस्त यांचा मेळ. नावाप्रमाणे हेही तसलेच फसवे असेल, अशी आमची शंका होती. ती निराधार ठरली. पांढऱ्या सोन्यात सोने असते, आणि किती असते ते मोजून सांगता येते. २४ कॅरट म्हणजे शुद्ध, या हिशेबाने १८ कॅरटात हजार भागांपैकी ७५० भाग सोने, १४ कॅरटात ५८५ आणि आपल्या नेहमीच्या २२ कॅरटात ९१६. आता मुलांना विचारावा तसा प्रश्न आपणांस विचारतो. २२ कॅरटात इतर धातूंना जागा किती उरली? हजारांत अवघे ८४ भाग. एवढ्याशा मिश्रणात सोन्याचा हट्टी पिवळा रंग झाकण्याचे बळ नसते. म्हणून पांढरे सोने बहुधा १८ किंवा १४ कॅरटचेच असते, आणि कोणी बावीस कॅरटचे पांढरे सोने म्हणून काही दाखवू लागला तर तेथेच थांबून चौकशी करावी.

‘अठरा कॅरट’ म्हटले की आपल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. बावनकशीखेरीज बाकी सारे हिणकस, ही आपली जुनी दृष्टी. तिला कारणही आहे. जानेवारी १९६३ मध्ये, चीनच्या आक्रमणानंतर, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. किती सोनारांच्या चुली त्या वेळी विझल्या याची वर्णने आमचे वडील सांगत. पुढे ते बंधन सैल झाले, १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० साली रद्द झाला. तथापि कमी कॅरट म्हणजे सरकारने गळ्यात बांधलेले खोटे सोने, ही भावना आमच्या घरात टिकून राहिली. खोटारड्या माणसाला आमचे वडील ‘चौदा कॅरटचा’ म्हणत. वस्तुतः हिऱ्याच्या अंगठीला १८ कॅरट हे न्यूनत्व नव्हे. बावीस कॅरटचे सोने मऊ पडते, खड्याला धरून ठेवणाऱ्या बारीक नख्या त्यात लवकर वाकतात. मिश्रण वाढले की धातूला कणखरपणा येतो. शिवाय बिनरंगी हिरा पांढऱ्या धातूत अधिक स्वच्छ दिसतो, म्हणूनही जवाहिरे पांढरे सोने पसंत करतात. एरवी पांढऱ्या अंगठ्यांचा खरा मान प्लॅटिनमचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने प्लॅटिनम युद्धकार्यासाठी राखून ठेवले, तेव्हा तेथील दागिन्यांत त्याची जागा पांढऱ्या सोन्याने घेतली.

आता मुलाम्याची गोष्ट. पांढऱ्या सोन्याचा मूळ रंग डोळे दिपविणारा नसतो. म्हणून घडण पूर्ण झाल्यावर त्याच्यावर विजेच्या साहाय्याने ऱ्होडियम नावाच्या धातूचा अतिशय पातळ थर चढवितात. ऱ्होडियम हा प्लॅटिनमच्या कुळातला धातू. वॉलस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०४ साली तो शोधून काढला. तो इतका दुर्मिळ की २०२१ साली काही काळ त्याचा भाव सोन्याच्या पंधरापटीहूनही वर गेला होता. म्हणजे हा मुलामा काही पितळेवर चढविलेल्या सोन्याच्या पाण्यासारखा नव्हे. येथे मुलामा महाग आणि खालचे सोनेही खरे. परंतु थर बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. अंगठी हा हातातला डाग. गळ्यातल्या साखळीवर किंवा कानातल्या कुड्यांवर हा थर वर्षानुवर्षे टिकेल. अंगठी मात्र कणीक मळताना, भांडी घासताना, विळा-पाना धरताना घासत राहते. वर्ष-दोन वर्षांत तळहाताच्या बाजूने खालचा रंग डोकावू लागतो. तो पुन्हा चढविता येतो. खर्च मोठा नसतो, पण ठरावीक काळाने तो करावा लागतो. पुण्यातला तो तरुण ‘पॉलिश’ म्हणाला ते यालाच. त्याने खोटे सांगितले नव्हते. मात्र अंगठी विकताना हे सांगावयास हवे होते, ते सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. यात दोष कोणाचा अधिक, याचा निकाल आम्ही अजून लावलेला नाही.

भगिनींनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. खोटे दागिने अंगाला उततात, कान चिघळतात, बोटाला खाज सुटते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. त्यामागे बहुधा निकेल असते. पांढऱ्या सोन्यात निकेल असेल तर वरचा थर शाबूत आहे तोवर ते कातडीला लागत नाही, पण थर झिजल्यावर नाजूक कातडीच्या माणसाला तोच त्रास होऊ शकतो. युरोपातील राष्ट्रांनी १९९४ साली अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूंतील निकेलवर निर्बंध घालणारा आदेश काढला, तो याच कारणाने. पॅलेडियम मिसळलेले पांढरे सोने अधिक महाग, पण कातडीला सोसणारे. तेव्हा मुलीला खोट्या कुड्या सोसत नसतील तर सराफाला एवढेच विचारावे, “यात निकेल आहे की पॅलेडियम?” उत्तर न देता येणाऱ्या दुकानात पांढरी अंगठी घेऊ नये असे आमचे मत आहे. आणखी असे की निकेल मिसळलेल्या पांढऱ्या सोन्याला क्लोरिनचे वावडे असते. विहिरीत टाकण्याची टीसीएल पावडर किंवा कपड्यांचे ब्लीच हाताळताना अंगठी काढून ठेवावी. वारंवारच्या माऱ्याने खड्याच्या नख्या आतून ठिसूळ होऊन तुटतात आणि हिरा कोठे पडला याचा पत्ता लागत नाही.

आता खरेखोटे ओळखावे कसे? आमच्या लहानपणी सोनार कसोटीच्या दगडावर डाग घासून रेघेचा पिवळेपणा पाहत. पांढऱ्या सोन्याची रेघ पिवळी उमटतच नाही, मग नजरेने ती कशाशी ताडून पाहावी? क्ष-किरणांच्या यंत्रालाही वरच्या ऱ्होडियमचा थोडा अडथळा होऊ शकतो. पक्की परीक्षा म्हणजे नमुना मुशीत घालून केलेली. म्हणूनच ठशाला महत्त्व. १६ जून २०२१ पासून आपल्या देशात सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक डागावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असल्याखेरीज तो विकता येत नाही. अंगठीच्या आत तीन गोष्टी दिसावयास हव्यात. भारतीय मानक ब्युरोची त्रिकोणी खूण, शुद्धतेचा आकडा (आमच्या अंगठीवर तो ‘१८ के ७५०’ असा होता), आणि तो सहाअंकी क्रमांक. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईलवरील सोयीत क्रमांक घातला की तो डाग कोणत्या प्रकारचा, किती शुद्धतेचा, कोठे तपासलेला, हे सारे समोर येते. ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांच्या घरी नातवंडे आहेतच. ठशाप्रमाणे शुद्धता न भरल्यास जितकी तूट तिच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकास मिळण्याची तरतूद आहे. मात्र दोन ग्रॅमहून हलक्या डागाला ही सक्ती नाही. नाजूक अंगठ्या पुष्कळदा तेवढ्याच वजनाच्या असतात, तेथे पावतीवरच भिस्त. आणि ठशात सोने पांढरे की पिवळे याचा उल्लेख नसतो. तो पावतीवर आपणच लिहून घ्यावा लागतो.

पावतीवर काय असावे हे आम्ही आता प्रत्येक यजमानाला सांगत सुटलो आहोत. अंगठीचे वर्णन, खडे वजा जाता सोन्याचे वजन, कॅरट आणि हॉलमार्कचा आकार हे तर नियमानेच हवे. त्याखाली “पांढरे सोने, अमुक धातूच्या मिश्रणाचे, वर ऱ्होडियमचा थर” ही एक ओळ. ती लिहिण्यास सराफाला अर्धे मिनिट लागते.

पैशाचाही हिशेब पाहू. आमची अंगठी पाच ग्रॅमची. त्यात शुद्ध सोने पावणेचार ग्रॅम. तेवढ्याच वजनाची बावीस कॅरटची असती तर ४.५८ ग्रॅम सोने असते. मोडीत घातली तर हाती पडते ती बहुधा सोन्याचीच किंमत, तीही घट वजा जाऊन. त्यात गेलेले पॅलेडियम, वरचे ऱ्होडियम आणि घडणावळ यांचे सहसा कोणी काही देत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाची सीमा गाठली, आणि त्याच वर्षी सरकारने ९ कॅरटलाही हॉलमार्कच्या यादीत घेतले. अशा दिवसांत अठरा वा चौदा कॅरटकडे वळणारा बाप कंजूष ठरत नाही. मात्र अडीअडचणीला उपयोगी पडावे म्हणून मुलीच्या अंगावर जे घालावयाचे, त्या पाटल्या, बोरमाळ, मंगळसूत्राच्या वाट्या, ते पिवळेच असावे. पांढरी अंगठी हौसेची वस्तू म्हणून घ्यावी आणि त्याच हिशेबाने तिचे वजन ठरवावे.

कोणी विचारील, मग प्लॅटिनमच का घेऊ नये? अवश्य घ्यावे. ते मुळातच पांढरे, त्याला मुलाम्याची गरज नाही, आणि दागिन्यात ते सामान्यतः हजारांत ९५० भाग शुद्ध असते. त्यावर चरे पडतात, पण खालून पिवळे काही निघत नाही. मात्र त्याचे काम करणारे कारागीर थोडे, घडणावळ जास्त, मोडीच्या वेळी गिऱ्हाईक कमी, आणि धातू जड. तीच अंगठी त्याच मापाची प्लॅटिनमची केली तर वजन सुमारे सव्वापट ते दीडपट भरते. म्हणजे भाव ग्रॅमवर विचारून फसू नये, तयार अंगठीची एकूण किंमत विचारावी. पांढरे सोने दाखवून “हे प्लॅटिनमच समजा” असे म्हणणारे विक्रेतेही असतात. असे ‘समजा’ ऐकू आले की आम्ही आता खुर्चीवरून उठतो.

राहिली आमच्या अंगठीची पुढची हकीकत. त्या संध्याकाळी आम्ही व्याह्यांकडे गेलो. आधी फोनवर बोललेल्या शब्दांबद्दल क्षमा मागितली, मग पावती, भिंग आणि मोबाईल पुढे ठेवला. व्याह्यांनी क्रमांक स्वतः घालून पाहिला. विहीणबाई बराच वेळ गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, “गुरुजी, हे साखरपुड्याच्या दिवशीच सांगितलं असतंत तर!” या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. आम्हांलाच ते ठाऊक नव्हते, हे खरे, पण घेणाऱ्याने ठाऊक करून घ्यावयास नको का? म्हणून गेल्या फाल्गुनात पुतण्याच्या साखरपुड्यात अंगठ्या देण्यापूर्वी आम्ही दोन्हीकडच्या मंडळींना बसवून तिचा धातू, कॅरट आणि मुलामा, सारे मोठ्याने वाचून दाखविले. तरुण मंडळी हसली. एक आजीबाई मात्र म्हणाल्या, “म्हणजे दोन वर्षांनी पिवळी झाली तर बोलायचं नाही, असंच ना?” आम्ही म्हणालो, “असंच.”

जावयांना ऱ्होडियमचा थर पुन्हा चढवून घेण्याविषयी आम्ही विचारले होते. ते नको म्हणाले, त्यांना आता आहे तोच रंग आवडतो. आजच्या सभेपुरती त्यांनी ती अंगठी आम्हांला दिली आहे. चिटणीसांच्या मेजावर ती भिंगाशेजारी ठेवली आहे. ज्यांना आतला ठसा वाचून पाहावयाचा असेल त्यांनी जेवणापूर्वी पाहून घ्यावा, म्हणजे हात तुपाचे होण्याआधी ती डबीत परत जाईल.